अँटेनाचं फायबर कव्हर करताना: रेडोमच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

गोव्यात फायबरग्लासचं काम नवं नाही. मालीम, कुटबण, खारीवाडा, चापोरा, कुठल्याही जेटीवर गेलात तरी फायबरच्या होड्या दिसतात आणि त्या दुरुस्त करणारे मिस्त्री पेडण्यापासून काणकोणपर्यंत आहेत. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत किनेको कंपनीच्या कारखान्यात तयार झालेला कंपोझिटचा (तंतू आणि रेझिन मिळून केलेल्या मालाचा) सोनार डोम २०१६ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या उपस्थितीत नौदलाकडे गेला. सोनार डोम जहाजाच्या तळाशी पाण्यात असतो आणि त्यातून आवाजाच्या लहरी आरपार जाव्या लागतात. अँटेनावरच्या आवरणाचं कामही त्याच जातीचं, फक्त इथे लहर रेडिओची. या आवरणाला रेडोम म्हणतात.

हात तयार असलेल्या माणसाला रेडोमचा साचा काढणं, मॅट (काचेच्या तंतूंची चटई) अंथरणं, रेझिन (घट्ट होणारी राळ) मारणं यात अवघड काही वाटत नाही. अडचण नेमकी तिथेच येते. होडी करणाऱ्याची सवय म्हणजे शंका आली की एक थर जास्त. होडीत ते बरोबरच आहे. रेडोममध्ये एक थर जास्त किंवा कमी झाला तर आवरण दिसायला देखणं आणि कामाला निकामी होऊ शकतं. म्हणून हा लेख थर टाकण्याआधीच्या हिशेबावर जास्त रेंगाळणार आहे.

पहिलं काम: वारंवारता विचारून घ्या

गिऱ्हाईक व्यास सांगतो, उंची सांगतो, रंग सांगतो. तुम्ही विचारायचं, अँटेना किती गिगाहर्ट्झवर चालते? त्याला माहीत नसेल तर यंत्राच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत मिळतं. हा आकडा हातात येईपर्यंत मॅट कापायची नाही.

साधा हिशेब असा. ३०० ला गिगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की हवेतली तरंगलांबी मिलिमीटरमध्ये मिळते. फायबरग्लासमध्ये लहर हळू चालते, म्हणून तिथे तरंगलांबी आखूड होते. आपल्याकडे बाजारात मिळणारी ई-ग्लास मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या लॅमिनेटचा (दोन्ही मिळून घट्ट झालेल्या थराचा) डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे माल लहरीला किती हळू करतो ते सांगणारा आकडा, साधारण ४.४ धरा. त्याचं वर्गमूळ २.१. हवेतल्या तरंगलांबीला २.१ ने भागा, लॅमिनेटमधली तरंगलांबी आली.

ट्रॉलरवरचं छोटं रडार बहुधा एक्स बँडचं असतं, ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. हवेतली तरंगलांबी ३१.९ मिमी, लॅमिनेटमधली साधारण १५.२ मिमी. आता हे तीन आकडे नीट बघा.

भिंत ०.७५ मिमी, म्हणजे तरंगलांबीच्या विसाव्या भागाइतकी असेल, तर समोरून येणाऱ्या शक्तीचा सहाएक टक्के भाग परत फिरतो. चालण्यासारखं आहे. भिंत ३.८ मिमी, म्हणजे तरंगलांबीच्या पावपट असेल, तर जवळजवळ ४० टक्के शक्ती परत फिरते. आणि भिंत ७.६ मिमी, म्हणजे बरोबर अर्धी असेल, तर परावर्तन जवळपास शून्यावर येतं आणि मालात शोषली जाणारी शक्ती पाचएक टक्के राहते.

म्हणजे साडेसात मिमीची जाड भिंत उत्तम आणि त्याच्या निम्म्या जाडीची सगळ्यांत वाईट! कारण असं की भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून लहर थोडी थोडी परत फिरते. अर्ध्या तरंगलांबीच्या जाडीला ती दोन परावर्तनं एकमेकांना खोडतात, पावपट जाडीला ती एकमेकांना जोडली जातात.

दुर्दैव असं की ४ मिमी ही होडीच्या कामात हाताला बसलेली जाडी आहे. ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन-चार थर आणि जेलकोट (साच्यात सर्वांत आधी मारायचा बाहेरचा गुळगुळीत थर). नवा माणूस न विचारता जे करील तेच एक्स बँडला सर्वांत घातक. रडारमध्ये लहर जाताना एकदा आणि परत येताना एकदा, अशी दोनदा भिंतीतून जाते. दोन्ही वेळा ६० टक्केच पार झाली तर हातात ३६ टक्के उरते. रडारचा पल्ला शक्तीच्या चौथ्या मुळाप्रमाणे बदलतो, म्हणून तो साधारण २२ टक्क्यांनी घटतो. पडद्यावर चित्र दिसतच राहतं, त्यामुळे तांडेलाच्या हे ध्यानातही येत नाही. लांबची छोटी होडी मात्र दिसायला हवी तेव्हा दिसत नाही.

हाच हिशेब बाकीच्या अँटेनांना लावा. व्हीएचएफ मरीन रेडिओ १५६ मेगाहर्ट्झच्या वर चालतो, तरंगलांबी जवळपास दोन मीटर. तिथे पाच मिमी भिंत काहीच बिघडवत नाही. जीपीएसला साडेचार मिमीपर्यंत निश्चिंत राहा. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला ३ मिमीपर्यंत ठीक. ५.८ गिगाहर्ट्झची इंटरनेट लिंक असेल तर १.२ मिमीच्या आत राहा किंवा सरळ १२ मिमीची अर्धतरंग भिंत करा. सहा मिमीच्या आसपास मुळीच थांबू नका.

दुसरं काम: भिंतीचा प्रकार ठरवा

पर्याय तीन. पातळ भिंत कमी वारंवारतेला उत्तम, करायला सोपी. पण एक्स बँडला लागणारी पाऊण मिमी भिंत हाताने दाबली तरी वाकते. लहान टोपीपुरती ती चालेल, मीटरभर व्यासाला नाही.

अर्धतरंग भिंत भक्कम असते, वजनदार असते आणि जाडीच्या बाबतीत अजिबात सूट देत नाही. ती एका ठरावीक वारंवारतेसाठीच जुळलेली असते. शिवाय लहर तिरकी पडली की लागणारी जाडी बदलते. एक्स बँडला समोरून ७.६ मिमी हवी, तर ६० अंश तिरकस लहरीला सुमारे ८.४ मिमी. म्हणूनच शक्य तिथे अर्धगोल करावा आणि अँटेना त्याच्या मध्याशी ठेवावी, म्हणजे लहर सगळीकडे जवळपास सरळच पडते. डिशसमोर सपाट पत्र्यासारखं झाकण लावू नका. ते परावर्तन थेट फीडकडे (डिशसमोरच्या, लहर सोडणाऱ्या-घेणाऱ्या भागाकडे) पाठवतं. सपाटच हवं असेल तर थोडं कलतं ठेवा.

तिसरा पर्याय सँडविच: दोन पातळ कातड्या आणि मध्ये हलका फोम. एक्स बँडला पाऊण मिमीच्या दोन कातड्या आणि मध्ये सुमारे ६ मिमीचा फोम घेतला तर दोन कातड्यांची परावर्तनं एकमेकांना खोडतात, वजन कमी राहतं आणि ताठपणा भरपूर मिळतो. माझं मत विचाराल तर मीटरभर व्यासाच्या वर सँडविचच करावं. पण पहिलंच काम सँडविचचं घेऊ नका. फोम आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा फुगा राहिला तर आपल्या पावसात तिथे पाणी शिरतं आणि एकदा शिरलं की निघत नाही.

फोम पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा घ्या. थर्मोकोल स्वस्त दिसतो, पण पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने तो डोळ्यांदेखत विरघळतो. अ‍ॅल्युमिनियमचं हनीकोंब मजबुतीला कितीही चांगलं असलं तरी इथे बाद. कार्बन फायबरही बाद, कारण ते वीज वाहतं आणि लहर अडवतं. एखाद्याने हौसेने वरून एकच कार्बनचा थर मागितला तरी नाही म्हणा.

वारा विसरू नका. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पणजीसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९०० न्यूटन, म्हणजे ९० किलोच्या वर येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनारपट्टीवर काय केलं ते आपण पाहिलं आहे. भिंत लहरीच्या हिशेबाने ठरवा आणि मजबुती आकारातून, कडेच्या जाड पट्टीतून आणि बुडाच्या फ्लँजमधून (बोल्ट बसवायच्या कडेतून) काढा. फ्लँज लहरीच्या वाटेत येत नाही, तिथे हवे तेवढे थर टाका.

तिसरं काम: माल आणि रंग

रेझिन आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर किंवा व्हिनाइलएस्टर घ्या. साधं ऑर्थो रेझिन खाऱ्या हवेत आणि पावसात तुलनेने लवकर पाणी पितं, आणि ओलं लॅमिनेट म्हणजे जास्त शोषण. मॅट ३०० आणि ४५० ग्रॅमची ठेवा. हाताने काम करताना ४५० ग्रॅमच्या एका थराची जाडी साधारण १ मिमी भरते, ३०० ची ०.७ मिमी, जेलकोटची अर्धा मिमी. यावरून थरांची संख्या काढा, पण त्याच मालाचा एक हातभर तुकडा आधी करून व्हर्नियरने मोजा. तुमचा हात किती रेझिन ओततो त्यावर जाडी ठरते, पुस्तकावर नाही.

रंगाच्या बाबतीत एक नियम कडक पाळा: धातूची भुकटी असलेला चंदेरी रंग आणि काजळी घातलेला काळा रंग अजिबात नको. पांढरा किंवा फिका राखाडी जेलकोट, तोही पातळ आणि एकसारखा. दरवर्षी रंगावर रंग चढवत गेलं की चार वर्षांत भिंत अर्ध्या मिमीने वाढलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कंपनीचं नाव चमकत्या पत्र्याच्या स्टिकरवर छापून रेडोमच्या मधोमध चिकटवण्याचा मोह गिऱ्हाइकाला होतो. ते खाली फ्लँजवर लावा.

चौथं काम: हवा बघून दिवस निवडा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले, मालकाला वेळ, मिस्त्रीला वेळ. त्यामुळे सगळी फायबरची कामं याच दोन महिन्यांत अंगावर येतात आणि नेमकी हीच हवा लॅमिनेशनला सर्वांत वाईट. दमट हवेत मॅट ओल ओढून घेते. रेझिन मारलं की ती पारदर्शक व्हायला हवी, त्याऐवजी दुधाळ पांढरे डाग राहतात. काच आणि रेझिन तिथे नीट चिकटलेले नसतात. होडीत असा डाग कदाचित चालून जाईल. रेडोममध्ये तिथे ओल मुरते आणि तेवढा भाग लहरीला जड होतो.

पावसात दुरुस्तीच करायची असेल तर बंद खोलीत करा. मॅटची गुंडाळी प्लॅस्टिकमध्ये बांधून, बल्ब लावलेल्या कपाटात आदल्या दिवसापासून ठेवा. नवा रेडोम मात्र दसऱ्यानंतर घ्या, ही माझी आग्रहाची सूचना. नोव्हेंबर ते मार्च ही आपल्याकडची खरी कामाची हवा. त्यातही पहाटे साच्यावर दव बसतं, ते पुसून ऊन चढल्यावर सुरुवात करा.

एप्रिल-मेच्या उकाड्यात रेझिन बादलीतच गोठायला लागतं. कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के घालतात, उन्हाळ्यात १ टक्क्याच्या आसपास राहा आणि एकावेळी थोडंच कालवा. आधी कपभर घेऊन घड्याळ लावून बघा.

इथेच सुरक्षिततेचं सांगतो, कारण हे नवख्याला कुणी सांगत नाही. कॅटॅलिस्ट आणि कोबाल्ट अ‍ॅक्सलरेटर (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, नंतरच कॅटॅलिस्ट घाला. कॅटॅलिस्टचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा आणि वेळ न घालवता दवाखाना गाठा. स्टायरीनच्या वाफेला कापडी रुमाल पुरत नाही, रासायनिक वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क घ्या. घासताना पूर्ण बाह्या.

पाचवं काम: थर टाकणं

साच्यावर वॅक्स, वॅक्सवर पीव्हीए (माल साच्यातून सुटावा म्हणून लावायचा पातळ पडदा), मग जेलकोट. जेलकोट बोटाला चिकटतो पण बोटाबरोबर येत नाही, अशा अवस्थेत पहिला थर टाका. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझिन. रोलर मधून कडेकडे फिरवा, फुगे बाहेर ढकला, आणि उजेड आरपार धरून बघा.

रेडोमची खरी कसोटी जोडात असते. होडीत मॅटचे तुकडे दोन-तीन इंच एकमेकांवर चढवतात. इथे तसं केलं की तेवढ्या पट्टीत भिंत दुप्पट होते. मॅटची कापलेली कड हाताने उसवून पातळ करा आणि टोकाला टोक भिडवा, वरच्या थराचा जोड खालच्या जोडावर येऊ देऊ नका. अर्धगोलावर मॅट पाकळ्यांमध्ये कापावी लागते आणि सगळ्या पाकळ्या वर शेंड्याला एकत्र येतात. त्या जागी थर साचतात. शेंड्यावर वेगळी गोल चकती कापून पाकळ्या तिच्या कडेलाच थांबवा.

साच्यातून काढल्यावर लगेच बसवू नका. आठवडाभर सावलीत, मग दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या, म्हणजे उरलेलं स्टायरीन निघून जाईल.

पाणी: भिंतीइतकाच महत्त्वाचा विषय

पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास आहे. एक्स बँडला रेडोमवर फक्त ०.१ मिमी जाडीचा पाण्याचा अखंड पडदा बसला तर एका दिशेने जवळपास निम्मी शक्ती जाते. एस बँडला, म्हणजे ३ गिगाहर्ट्झला, त्याच पडद्याने बाराएक टक्केच जाते. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात भिंतीचा हिशेब जितका काटेकोर, तितकीच काळजी वरच्या पृष्ठभागाची घ्यावी लागते.

पाणी पडलंच तर पडद्यासारखं पसरू नये, थेंब होऊन ओघळावं. नवा गुळगुळीत जेलकोट हे काम करतो. उन्हाने तो खडूसारखा झाला की अळवाच्या पानाचा गुण जातो आणि पाणी पसरतं. म्हणून मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, रेडोम गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, पॉलिश करा आणि पाणी दूर ठेवणारं कोटिंग द्या. त्या कोटिंगच्या डब्यावर धातूचा अंश नाही हे वाचून घ्या. तारेचा ब्रश लावू नका. पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि ओलं शेवाळ पाणी धरून ठेवतं, त्यामुळे गणपतीच्या सुमारास एकदा पुसून घ्या.

आतल्या बाजूचं पाणी जास्त फसवं. रात्री आत दव धरतं. सर्वांत खालच्या बिंदूला ५-६ मिमीचं एक भोक ठेवा आणि त्यावर प्लॅस्टिकची जाळी बसवा. जाळी नसेल तर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते आणि ओली माती थेट फीडसमोर येऊन बसते.

बसवताना

यंत्र बंद करा, मुख्य स्विच खाली, चावी खिशात. चालू रडारसमोर डोकं न्यायचं नाही आणि फिरत्या स्कॅनरजवळ हात न्यायचा नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, फक्त फ्लँजवर. लहरीच्या वाटेत एकही स्क्रू नको. अँटेना आणि भिंत यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवा. भिंत अगदी चिकटली तर छोट्या अँटेनाची जुळलेली वारंवारताच सरकते. ज्या रडारला कंपनीचं स्वतःचं आवरण आहे त्याच्यावर संरक्षण म्हणून दुसरं आवरण कधीही चढवू नका, ही मागणी हमखास येते. दाबोळी किंवा मोपा विमानतळाच्या परिसरात उंच खांब उभारायचा असेल तर उंचीची परवानगी आधी घ्या. आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजवाहक रेडोमच्या वर जाईल असा लावा, पण मुख्य झोताच्या बाहेर.

चाचणी, तीही घरगुती

मोठ्या प्रयोगशाळेची गरज प्रत्येक कामाला नसते. ५.८ गिगाहर्ट्झच्या लिंकवर रेडोम न लावता सिग्नलचा डीबीएममधला (सिग्नलच्या ताकदीच्या मापातला) आकडा दहा मिनिटं बघा, लावून दहा मिनिटं बघा. अर्ध्या डीबीचा फरक उत्तम, एकपर्यंत चालेल, त्यापुढे गेला तर जाडी पुन्हा मोजा. मग नळीने पाणी मारा आणि आकडा किती पडतो, किती वेळात वर येतो ते बघा. मला हीच चाचणी सर्वांत बोलकी वाटते, कारण कोरड्या दिवशी सगळेच रेडोम चांगले असतात.

नुसता मालाचा तुकडा तपासायचा असेल तर दोन अँटेनांच्या मध्ये तो धरा आणि पावपट तरंगलांबीएवढा पुढेमागे सरकवून दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या. एकाच जागचा आकडा परावर्तनामुळे फसवतो.

दुरुस्ती

सँडविच रेडोमवर नाण्याने हलके ठोके देत जा. चांगल्या जागी टणक टणटण येते, कातडी सुटलेल्या किंवा पाणी शिरलेल्या जागी भद्द आवाज येतो. पेन्सिलने खूण करू नका, तिच्यात ग्रॅफाइट असतं. खडू वापरा. ओला फोम सुकवायच्या भानगडीत न पडता कापून काढा आणि त्याच जाडीचा नवा बसवा. भेगेत पुट्टी कोंबून वरून रंग मारणं हा सगळीकडे दिसणारा प्रकार आहे. त्याने पाणी काही महिने थांबतं, पण लहरीच्या दृष्टीने तिथे एक गाठ तयार होते. योग्य पद्धत म्हणजे भेगेच्या कडा जाडीच्या बारापट लांबीत तिरक्या घासायच्या, जेवढा माल काढला तेवढेच थर टाकायचे आणि शेवटी मूळ जाडीपर्यंत घासून व्हर्नियर लावायचा.

प्रत्येक रेडोमच्या फ्लँजच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: कुठल्या गिगाहर्ट्झसाठी, कुठलं रेझिन, किती ग्रॅमचे किती थर, फोम किती मिमी, शेंड्याला आणि कडेला मोजलेली जाडी, कोटिंग दिल्याचा महिना. त्यावर पारदर्शक रेझिनचा एक हात मारा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला घासायला घेण्याआधी ते वाचता येईल.